पोलादपूरचा कातळ, महाडचे पाणी

पोलादपूर म्हटले की मुंबई-गोवा महामार्गावरचा फाटा आठवतो. एक रस्ता कशेडी घाट ओलांडून खेडकडे जातो, दुसरा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो. इतिहासाची ओढ असलेला माणूस इथे कवींद्र परमानंदांच्या समाधीपाशी थांबतो, उमरठला जाऊन तानाजी मालुसऱ्यांपुढे नतमस्तक होतो. भूशास्त्राच्या नियतकालिकांत मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने वारंवार छापून येते. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांची रासायनिक घडण तपासून १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्यांची नावे ठरवली. त्यातल्या एका थरसमूहाचे नाव ‘पोलादपूर’, त्याच्या वरच्याचे ‘आंबेनळी’ आणि त्याच्याही वरच्याचे ‘महाबळेश्वर’.

घाट चढणाऱ्या एसटीच्या खिडकीतून ही घडण साध्या डोळ्यांना दिसते. काळ्या कातळाची एक पायरी, मध्येच कुठे विटकरी तांबड्या मातीचा पट्टा, वर पुन्हा कातळ. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक लोट. तांबडा पट्टा सांगतो की एक लोट थंडावल्यानंतर पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला. इतका, की उन्हापावसाने कातळाचा वरचा भाग झिजून त्याची माती झाली. हा सगळा डोंगर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे.

हा काळ साधासुधा नाही. डायनासोर याच सुमारास नाहीसे झाले. मेक्सिकोजवळ कोसळलेली प्रचंड अशनी आणि दख्खनचा लाव्हा यांपैकी त्या विनाशात कुणाचा वाटा किती, याचा वाद अजून चालू आहे. २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दोन संशोधक गटांनी दख्खनच्या लाव्हाचे नवे कालमापन मांडले. एकाने तांबड्या पट्ट्यांतले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचून त्यातल्या किती युरेनियमचे शिसे झाले ते मोजले. दुसऱ्याने आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून खडकाचे वय काढले. लाव्हा किती टप्प्यांत आणि किती झपाट्याने आला, यावर त्यांचे एकमत झाले नाही. दोन्ही हिशेबांत पोलादपूरचा थर मात्र त्या विनाशाच्या काळाला अगदी लागून येतो. डायनासोर गेल्यावर सस्तन प्राण्यांना मोकळे रान मिळाले, त्यांच्या फांद्या फुटत गेल्या आणि त्यातल्याच एका फांदीवर पुढे माणूस आला. उत्क्रांतीच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या वळणाच्या नोंदीत रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचे नाव कोरले गेले आहे.

याच डोंगराची दुसरी कथा क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ऐकायला मिळते. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला. सावित्रीला यायला उशीर झाला म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवले. संतापलेल्या सावित्रीने देवांना नद्या होण्याचा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची ककुद्मती म्हणजे कोयना. सावित्री आणि गायत्रीही नद्या होऊन पश्चिमेकडे निघाल्या. पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळणारी सावित्री ती हीच. इथल्या घराघरांत सोमवारचा उपवास, गावदेवीची पालखी आणि महाबळेश्वराचे दर्शन आहे. त्याच घरातला मुलगा शाळेत जाऊन उत्क्रांतीचा धडा शिकतो. एकाच माणसाने दोन्ही कसे सांभाळायचे, हा प्रश्न कोकणातल्या या दोन तालुक्यांत बराच जुना आहे. त्याला इथल्या माणसांनी दिलेली उत्तरेही ग्रंथांपेक्षा पाण्याच्या काठावर जास्त सापडतात.

मराठी मुलखात या प्रश्नाची सुरुवात डार्विनच्याही आधी झाली. मुंबईत वरळीला लाव्हाच्या दोन लोटांमधल्या गाळाच्या थरात लहानशा बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन छापले. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ यायला अजून बारा वर्षे होती. नागपुरात १८४५ पासून राहिलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी रविवारी प्रवचन करत आणि एरवी टाकळीच्या माळावर जीवाश्म गोळा करत हिंडत. मध्य भारताच्या भूशास्त्राच्या पहिल्या पिढीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. बायबलवरची त्यांची श्रद्धा दगड फोडताना आड आली नाही, आणि दगडांनी सांगितलेला काळ लपवावा असेही त्यांना वाटले नाही.

पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनी तीन वाटा शोधल्या. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने ईश्वर मानला, मात्र अवतार आणि मूर्तिपूजा नाकारली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर या वाटेने गेले. गोपाळ गणेश आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवून बुद्धिवादाची वाट धरली आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. तिसरी वाट सर्वांत लोकप्रिय ठरली. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७च्या आपल्या ग्रंथात दशावतारांचा क्रम डार्विनच्या सिद्धान्ताशी जुळवून दाखवला. मत्स्य म्हणजे जलचर, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे जमिनीवरचे जनावर, नरसिंह म्हणजे पशू आणि माणूस यांच्या मधला, वामन म्हणजे आरंभीचा ठेंगू मनुष्य. दोन वर्षांनी, १८७९ साली, त्या मुंबईत येऊन राहिल्या. ही जुळणी मराठी घरांत इतकी रुजली की आजही ती कीर्तनात आणि शाळेच्या व्यासपीठावर सारख्याच उत्साहाने सांगितली जाते.

ती सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. मुलाने विज्ञान शिकावे आणि देवही सोडू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. पण या जुळणीने दोघांचेही नुकसान होते. उत्क्रांती एका रांगेत माणसापर्यंत येऊन थांबत नाही. ती झाडासारखी चहूकडे फुटते. रानडुक्कर सिंहाचा पूर्वज नाही आणि सिंह माणसाचा नाही. कल्पाचा काळ ४३२ कोटी वर्षे आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, हे आकडे जवळ दिसतात म्हणून एकातून दुसरा निघत नाही. पहिला युगांच्या गणितातून आला, दुसरा उल्का आणि खडक मोजून. उद्या विज्ञानाने आपला आकडा सुधारला तर त्याला टेकवून ठेवलेल्या श्रद्धेने काय करायचे? अवतारकथेत भक्ताच्या हाकेला धावून येणारा देव आहे. तो भावार्थ टिकण्यासाठी जीवाश्मांच्या साक्षीची गरज नाही.

श्रद्धेने जगाविषयी एखादा दावा केला, तर तो तपासून घ्यायचा की नाही? महाडमध्ये हा प्रश्न पाण्यावरून उभा राहिला आणि त्याची किंमत माणसांनी रक्त सांडून मोजली.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसक’ या पुस्तिकेत धर्मपंडितांपुढे २६ प्रश्न ठेवले. विटाळाला आधार कोणता, हा त्या प्रश्नांचा रोख होता. त्यांची उत्तरे आली नाहीत. पुढे १८९५ साली ते महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यावरूनच गदारोळ झाला.

विटाळाविषयीचे खरे ज्ञान तोपर्यंत जगापुढे आले होते. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू शोधून काढला. काठची माणसे तेच पाणी पीत होती. पाणी कशाने बिघडते आणि त्याने माणूस का दगावतो, याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे उत्तर मिळाले. जंतूला जात कळत नाही.

महाडचे चवदार तळे शहराच्या मधोमध, चार-पाच एकरांचे. पावसाचे पाणी आणि जिवंत झरे यांनी ते भरते. चारी बाजूंना रस्ते आणि रस्त्यांपलीकडे सवर्णांची वस्ती. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही ५ जानेवारी १९२४ रोजी तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठली. परतीच्या वाटेवरच्या निःशस्त्र माणसांवर लाठ्या चालल्या.

त्यानंतर तळ्याची ‘शुद्धी’ झाली. मातीच्या १०८ घागरींत तळ्याचे पाणी भरले, त्यात शेण, गोमूत्र, दूध आणि दही मिसळले आणि मंत्र म्हणत त्या घागरी तळ्यात रिकाम्या केल्या. जंतुशास्त्राच्या हिशेबाने तळे त्या दिवशी बिघडले. ओंजळीने पाणी पिणाऱ्यांनी ते बिघडवले नव्हते. याच तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, अन्यधर्मीय माणसे पाणी भरत आणि त्याने कुणाचा धर्म बुडत नसे. विटाळ पाण्यात कधी नव्हताच. तो माणसांमाणसांतल्या नात्यात होता आणि त्याला पाण्याचा गुणधर्म म्हणून सांगितले जात होते. श्रद्धेच्या नावाने केलेला असा दावा तपासल्याशिवाय सोडला की त्याचे ओझे कुणातरी माणसाच्या पाठीवर पडते. चवदार तळ्याचा हा धडा कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू आहे.

४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा सवर्णांपैकी काहींनी न्यायालयात जाऊन १४ डिसेंबरला मनाईहुकूम मिळवला. परिषदेला कुणी जागा देईना; शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. महाडच्या सुरबानाना टिपणीसांनी आणि अनंतराव चित्र्यांनीही या लढ्यात स्वकीयांचा बहिष्कार सोसला. आपल्या परंपरेतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याचा निवाडा या माणसांनी स्वतःशी केला होता.

मनाईहुकूम होता म्हणून बाबासाहेबांनी लोकांना तळ्याला हात लावू दिला नाही. मिरवणूक तळ्याभोवती फिरून परत आली. मग न्यायालयात दहा वर्षे पुरावा तपासला गेला. अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असा वादींचा दावा होता. श्रद्धा न्यायालयात आली ती इतिहासाच्या रूपाने, आणि इतिहासाला कागद दाखवावे लागतात. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ठाण्याच्या अपिलातही तेच झाले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या ब्रूमफील्ड आणि वाडिया या न्यायमूर्तींनी निकाल दिला की तळे नगरपालिकेचे आहे आणि अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही.

डिसेंबरच्या त्या परिषदेनंतर बाबासाहेब सहकाऱ्यांसह रायगडावर गेले, महाडलगतची बौद्ध लेणीही त्यांनी पाहिली. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ, गंधारपाल्याच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली ही लेणी त्याच काळ्या कातळात आहेत. बाबासाहेबांचा स्वतःचा धर्माचा शोध पुढे जवळजवळ तीस वर्षे चालला. मे १९५० मध्ये ‘महाबोधी’ मासिकात त्यांनी धर्माच्या कसोट्या मांडल्या. धर्म समाजाला बांधून ठेवणारी नीती असला पाहिजे. तो विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता त्याने मानली पाहिजे. आणि दारिद्र्याला त्याने पवित्र ठरवता कामा नये. विज्ञानाशी न जुळणारा धर्म लोकांचा आदर गमावतो, असे त्यांचे म्हणणे होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि पुढच्या वर्षी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध झाला. जग ईश्वराने निर्माण केल्याचे कुणी सिद्ध केलेले नाही, जग उत्क्रांत होत आले आहे, असा युक्तिवाद त्यात ते बुद्धाच्या विचाराच्या अंगाने मांडतात. पुनर्जन्मासारख्या अवघड मुद्द्यालाही ते बगल देत नाहीत. आत्मा नाकारून, शरीरातल्या मूलतत्त्वांचे आणि ऊर्जेचे मृत्यूनंतर काय होते, असा प्रश्न ते विचारतात आणि ऊर्जा नष्ट होत नाही या विज्ञानाच्या तत्त्वाचा आधार घेतात. आजचा जीवशास्त्रज्ञ या मांडणीतल्या काही पायऱ्यांवर आक्षेप घेईल. तो घेता येतो, कारण मुद्दा तपासण्यासाठीच पुढे ठेवलेला आहे. आपल्याच बाजूच्या माणसांनाही त्यांनी हीच शिस्त लावली. अस्पृश्य हे आर्यांनी जिंकलेले वेगळ्या वंशाचे मूलनिवासी, असे वलंगकरांच्या पिढीतले नेते मानत. १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी त्या काळी मान्य असलेली मापे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने निराळे नाहीत. ती मापे आज कालबाह्य झाली आहेत. वेगळा वंश ही समजूत त्यांनी पुराव्यापुढे आणून उभी केली, हे महत्त्वाचे.

श्रद्धेची सगळीच रूपे अशी तपासणीत गळून पडत नाहीत. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत गावोगाव देवरायांची परंपरा आहे. देवराईत कोयता चालवायचा नाही, वाळले लाकूडसुद्धा घरी न्यायचे नाही, हा गावदेवीचा दंडक. दामोदर कोसंबींनी या रायांचे मूळ शेतीपूर्व काळात शोधले. १९७०च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून अभ्यासल्या, तेव्हा आजूबाजूचे रान तुटल्यावरही इथे जुने वृक्ष आणि जाडजूड वेली टिकल्याचे त्यांनी नोंदवले. याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी तोडीला निघालेली आपली देवराई वाचवण्यासाठी शास्त्रज्ञांना साकडे घातले होते. त्यांनी सांगितलेले कारण शास्त्रज्ञांना सहज समजणारे होते. गावाला पाणी देणारा ओढा त्या राईतून निघत होता.

महाड तालुक्यात बिरवाडीच्या पुढे, सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीत वाळणकोंड आहे. नदीने कातळ कोरून केलेला खोल डोह, वर झुलता पूल, काठावर वरदायिनी देवीचे ठाणे. पुलावरून कुरमुरे टाकले की आधी बोटाएवढे मासे वर येतात, मग हातभर, मग त्याहून मोठे, आणि पाणी हलू लागते. हे देवीचे मासे. त्यांना कुणी गळ लावत नाही, जाळे टाकत नाही. शास्त्राच्या भाषेत हे महसीर. दख्खनच्या महसीराला ‘टॉर खुद्री’ हे नाव मिळाले ते कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचे वर्णन करताना स्थानिक मराठी नावच उचलले म्हणून. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी वाळणकोंडाचा अभ्यास करून २०१४ साली लोकश्रद्धा या माशांना आणखी किती काळ वाचवील, असा प्रश्न जाहीरपणे विचारला.

प्रश्न रास्त आहे. महसीर पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने दूरवर जातो. देवीचा धाक डोहापुरता. माशाचे आयुष्य मात्र सबंध नदीभर पसरलेले. महाडच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी, नदीतला उपसा, डोहाबाहेर होणारी मासेमारी यांवर नवस चालत नाही. मासे कमी झाले म्हणून बाहेरून आणून सोडणे हाही उपाय नाही. कावेरीत हेच झाले. १९७०च्या दशकापासून तिथे लोणावळ्याच्या उबवणी केंद्रात वाढवलेले महसीर सोडले गेले. त्या नदीचा स्वतःचा कुबडाचा महसीर त्यानंतर झपाट्याने घटला. २०१८ साली त्याचे शास्त्रीय नाव निश्चित होईपर्यंत तो नामशेष होण्याच्या काठावर आला होता. प्रत्येक खोऱ्यातली माशांची वंशरेषा लाखो वर्षे वेगळी घडत आलेली असते, हे उत्क्रांतीचे म्हणणे इथे थेट कामाचे ठरते.

वाळणच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जो नियम पाळला, त्याला आता नदीच्या मोजणीची जोड हवी आहे. पाण्यातला प्राणवायू आणि रसायने दर ऋतूत तपासणे, माशांची नियमित गणना करणे, अंडी घालण्याच्या जागा शोधून पावसाळ्यात तिथली मासेमारी थांबवणे आणि बाहेरचे बीज डोहात न सोडणे, ही कामे संशोधक एकट्याने करू शकत नाहीत आणि देवस्थानही एकट्याने करू शकत नाही. वरदायिनीच्या पुजाऱ्याला आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यासाठी एकमेकांची समजूत बदलावी लागणार नाही. काळ नदीच्या पाण्याच्या नोंदी दोघांनी एकत्र बसून वाचाव्यात, एवढे पुरे आहे.